४० मिनिटांनी येणारा हम: एका जुन्या ॲनालॉग कन्सोलचं पूर्ण प्रकरण

कन्सोल (स्टुडिओत सगळे आवाज एकत्र मिसळायचं टेबल) २४ चॅनलचा, ८ ग्रुपचा, १९८० च्या दशकातला, स्प्लिट पद्धतीचा, म्हणजे मॉनिटरचा भाग उजवीकडे वेगळा. पॉवर सप्लाय बाहेर रॅकमधे, तिथून एक जाड मल्टिकोर केबल कन्सोलच्या पाठीत शिरते. +१७ आणि -१७ व्होल्टच्या दोन रेल्स (वीज पुरवणाऱ्या लाइन्स), शिवाय मायकांच्या फँटमसाठी ४८ व्होल्ट. आत बहुतेक सगळीकडे टीएल०७२ आणि जिथे सिग्नल अगदी बारीक असतो तिथे एनई५५३४ (दोन्ही ऑपॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिप्स). रोज काम करणारा कन्सोल आहे हा, त्यामुळे आठ दिवस उघडून ठेवायची चैन नव्हती.

तक्रार रेकॉर्डिस्टने फोनवर सांगितली ती अशी, "दादा, चालू केला की एकदम छान असतो, ४० मिनिटं झाली की हम यायला लागतो, डाव्या बाजूला जास्त, आणि ९ नंबरचा फेडर खरखरतो, १७ नंबर मधेच गायब होतो." (हम म्हणजे मागे सतत येणारी भुणभुण, फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी.) चार वाक्यांत त्याने मला अर्धं काम करून दिलं होतं. किती वेळाने होतं आणि कुठल्या बाजूला होतं हे सांगणारा माणूस भेटला की अर्धा दिवस वाचतो.

गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे सप्लायच्या प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टेप लावून ठेवलेली. कोणीतरी "ग्राउंड लूप असेल" (दोन उपकरणांच्या ग्राउंडचं मिळून झालेलं वर्तुळ, त्यातून हम शिरतो) म्हणून काढली होती, हम गेला नाही आणि वायर तशीच राहिली. ती मी आधी जोडली, मीटर लावून चेसिसपर्यंत नीट जातीये का बघितलं आणि मगच पुढे गेलो. हे मी कळकळीने सांगतो, हम घालवायला मेन्सचं अर्थिंग कधीही काढू नका, कारण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एक दिवस गेलं तर अख्खी चेसिस लाइव्ह होते आणि समोर हेडफोन लावून, हातात मायक धरून माणूस उभा असतो. ग्राउंड लूप खरंच असेल तर तो ऑडिओच्या केबलमधे सोडवायचा असतो.

आता हम. सगळ्यात आधी कन्सोलला जोडलेलं सगळं काढलं, पॅचबेकडून येणारे मल्टिपिन, आउटबोर्ड, कॉम्प्युटरचा इंटरफेस, सगळं. फक्त हेडफोन. तासाभराने हम आला, जसाच्या तसा. म्हणजे दोन उपकरणांच्या मधला लूप हा प्रश्नच नव्हता, जे काही होतं ते कन्सोल आणि त्याच्या सप्लायमधे. मग फक्त मेन आउटपुट इंटरफेसला जोडून मिनिटभर रेकॉर्ड केलं आणि स्पेक्ट्रम बघितला. ५० हर्ट्झला जवळजवळ काही नाही, पहिला उंच खांब १००ला, मग २००, मग ३००. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मेन्स ५० हर्ट्झची असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा केबलच्या लूपमधून शिरणारा हम मुख्यतः ५०चा असतो, पण रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) पुढचा जो रिपल (डीसीवर उरलेली लाट) असतो तो दुप्पट म्हणजे १००चा, कारण फुल वेव्ह रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो. ६० हर्ट्झच्या मेन्सला तेच गणित ६० आणि १२० होतं. कानाला सुद्धा फरक कळतो, ५०चा गोल आणि जाड वाटतो, १००चा जरा टोचरा, भुणभुण केल्यासारखा. त्या स्पेक्ट्रमने माझं बोट थेट सप्लायकडे वळवलं.

पण सप्लाय उघडायच्या आधी अजून एक टेस्ट केली, आणि या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची टेस्ट तीच ठरली. मास्टर फेडर खाली केला की हम जातो, म्हणजे तो मास्टरच्या आधी आहे. सगळी चॅनल्स म्यूट केली तर हम तसाच. फेडर खाली, तरी तसाच. मग चॅनल्सची एल-आर राउटिंगची बटणं एकेक करून काढायला लागलो तर हम कमी व्हायला लागला! २४ राउट केलेली असताना डावीकडे साधारण -५६ डीबीयू (सिग्नलच्या लेव्हलचं माप, जितकं उणे तितकं शांत), १२ ठेवली तर -६२, ६ ठेवली तर -६८. चॅनल्स निम्मी केली की बरोबर ६ डीबी कमी, आणि या चॅनल्समधून आवाज येतच नाहीये, सगळी म्यूट आहेत.

हे असं का होतं ते जरा थांबून बघू. अशा कन्सोलमधे प्रत्येक चॅनल एका रेझिस्टरमधून बसवर (सगळी चॅनल्स जिथे एकत्र होतात ती लाइन) येतं आणि बसच्या टोकाला मिक्स ॲम्प असतो, व्हर्च्युअल अर्थ पद्धतीचा. प्रत्येक चॅनलसाठी त्याचा गेन १, पण त्याच्या स्वतःच्या नॉइजसाठी आणि ग्राउंडच्या फरकासाठी गेन जोडलेल्या चॅनल्सच्या संख्येपेक्षा एक जास्त. २४ चॅनल्स असतील तर नॉइज गेन २५, म्हणजे २८ डीबी. आता समजा चॅनल्सचं ग्राउंड आणि मिक्स ॲम्पचं ग्राउंड यांच्यात ५० मायक्रोव्होल्टचा फरक आहे. चॅनल म्यूट असलं तरी त्याचा रेझिस्टर त्याच्या ग्राउंडला टेकलेला असतो, त्यामुळे ते ५० मायक्रोव्होल्ट २४ वेळा बेरीज होऊन सव्वा मिलिव्होल्टच्या आसपास बाहेर येतात, तेच -५६ डीबीयू. +४च्या कामाच्या लेव्हलपासून फक्त ६० डीबी खाली, शांत गाण्यात ऐकू येणारच. (या कन्सोलमधे बटण काढलं की रेझिस्टर बसपासून सुटतो म्हणून ही टेस्ट चालली, काही कन्सोलमधे बटण काढल्यावर तो ग्राउंडला जाऊन बसतो, तिथे हा फरक दिसणार नाही.) तर म्हणजे मला ग्राउंड शोधायचं होतं आणि सप्लायही शोधायचा होता, आणि दोघांचा एकमेकांशी काय संबंध हे अजून कळलेलं नव्हतं.

सप्लायचं झाकण काढलं. थंड असताना मल्टिमीटरवर +१६.९८ आणि -१७.०२, बघून कोणालाही वाटेल की सगळं उत्तम आहे. गरम झाल्यावरही डीसी रेंजवर तेच आकडे! बरेच जण इथेच फसतात, डीसी व्होल्टेज बरोबर आलं की सप्लायवर बरोबरची खूण करून पुढे चॅनल्सच्या मागे लागतात. मीटर एसी रेंजला टाकला तर निगेटिव्ह रेलवर १ मिलिव्होल्टपेक्षा कमी, पॉझिटिव्हवर ६०. स्कोप लावला. सरळ रेष अपेक्षित असते तिथे दर १० मिलिसेकंदाला एक छोटा खड्डा. मग रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधी, कच्च्या डीसीवर बघितलं, वरचं टोक २३ व्होल्ट आणि खालचं १८.५. रेग्युलेटरला १७ द्यायचे तर त्याच्या आत किमान दोन-अडीच व्होल्ट जास्त हवेत, ते प्रत्येक लाटेच्या तळाशी मिळत नव्हते, म्हणून तेवढा क्षण रेग्युलेटर हात टेकत होता.

म्हणजे रिझर्व्हायर कपॅसिटर (रेक्टिफायरनंतर वीज साठवणारे) गेले, बदला आणि मोकळे व्हा, असंच कोणीही म्हणेल. पण मला एक गोष्ट खटकत होती. वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थंड असताना जास्त त्रास देतो आणि गरम झाला की बहुतेक वेळा सुधारतो, कारण गरम झाल्यावर त्याचा आतला रेझिस्टन्स कमी होतो. इथे बरोबर उलटं होत होतं. थंड असताना छान, ४० मिनिटांनी खराब. गरम झाल्यावर जे बिघडतं ते बऱ्याचदा जोड असतं, ड्राय सोल्डर, सैल लग, असलं काहीतरी, बोर्ड गरम होऊन थोडा वाकतो आणि केसाएवढी फट उघडते.

हेअर ड्रायरने बोर्ड थोडा गरम केला तर हम ४० ऐवजी पाच मिनिटांत हजर (असली वाट बघायला लावणारी फॉल्ट असेल तर हे कराच, दिवस वाचतो). पॉझिटिव्ह रेलला ४,७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर समांतर होते. एक हात खिशात ठेवून, दुसऱ्या हातात लांब कोरडी लाकडी काडी घेऊन, पहिल्याच्या डोक्यावर हलकं दाबलं, काही नाही. दुसऱ्यावर दाबलं आणि स्कोपवरचे खड्डे गायब, काडी उचलली की परत! तीन-चार वेळा करून बघितलं, रेकॉर्डिस्टलाही दाखवलं, त्यालाही हेडफोनमधे हम जाताना-येताना ऐकू येत होता. सप्लाय बंद केला, प्लग काढला, १०० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर लावून कपॅसिटर उतरवले, मीटरने शून्य झाल्याची खात्री केली, मग बोर्ड उलटा केला. भिंगातून बघितल्यावर त्या कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डरमधे बारीक काळं वर्तुळ, रेघ ओढल्यासारखं. नुसत्या डोळ्याला तोच जोड चकचकीत आणि निरोगी दिसत होता. जड कपॅसिटर, वर्षानुवर्षं गरम-थंड, गरम-थंड, आणि त्याचं सगळं वजन दोन पायांवर.

गणितही जुळलं. कन्सोल पॉझिटिव्हवर साधारण १.८ अँपिअर ओढतो. दोन्ही कपॅसिटर जोडलेले असले तर रिपल दोन व्होल्टच्या आत राहतो, एक सुटला की दुप्पट. त्यात जो जोडलेला राहिला होता तो काढून मोजला तर ४,७०० च्या जागी ३,३०० च उरलेला. सुटलेला ४,१०० होता, म्हणजे त्यातल्या त्यात तोच बरा होता.

दोन्ही रेल्सचे मिळून चारही कपॅसिटर बदलले, १०५ डिग्रीचे घेतले, पायांमधलं अंतर तेच, रिपल करंटचं रेटिंग जुन्यापेक्षा जास्त. व्हॅल्यू फार वाढवली नाही, "मोठा टाकला की अजून छान" हा विचार इथे चालत नाही, कपॅसिटर मोठा केला की चार्जिंगचे झटके मोठे होतात आणि ते रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरला सोसावे लागतात. आणि गरमीचा हिशोब लक्षात ठेवा, १० डिग्री कमी तापमान म्हणजे इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट, म्हणून या सप्लायच्या वर खाली रॅकमधे एकेक खण रिकामा ठेवायला लावला. पहिल्यांदा चालू करताना कन्सोल न जोडता, सिरीज बल्ब (मेन्सच्या वाटेत मधे लावलेला) लावून. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे शॉर्ट नाही, मग व्होल्टेज बघितलं, मग कन्सोल जोडला.

दीड तास चालू ठेवला. पॉझिटिव्हचा रिपल १ मिलिव्होल्टच्या आत. हम -५६ वरून -७८. रेकॉर्डिस्ट खूश, म्हणाला झालं ना दादा. मला मात्र चैन पडेना, कारण डावी बाजू अजूनही उजवीपेक्षा ५-६ डीबीने जास्त होती, आणि दुसरं म्हणजे मूळ हिशोबच लागत नव्हता. रेलवर ६० मिलिव्होल्टचा रिपल असला तरी ऑपॲम्प तो १०० हर्ट्झला सहज ८० डीबीने दाबतो, म्हणजे ६ मायक्रोव्होल्ट उरायला हवा, मग तो एवढा मोठा ऐकू का आला?

उत्तर त्या राउटिंगच्या टेस्टमधेच होतं. रिपल ऑपॲम्पमधून आत येतच नव्हता. प्रत्येक मॉड्यूलमधे रेलवरून १० ओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज येतं आणि तिथे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला असतो. त्याचं काम रेल स्वच्छ ठेवणं, पण रेलवरचा रिपल तो अर्थातच ग्राउंडमधे सोडतो. ६० मिलिव्होल्टला हिशोब केला तर प्रत्येक मॉड्यूलमागे ३ मिलिअँपिअर. ग्राउंड चांगलं असेल तर एवढ्याने काही होत नाही. पण डाव्या मास्टरच्या मॉड्यूलचा ग्राउंडचा जोड २० मिलिओहम जरी वाढलेला असला तर तिथे ६० मायक्रोव्होल्ट उभे राहतात, आणि मग ते २४ पट. आपण मगाशी ५० धरले होते!

२० मिलिओहम साध्या मल्टिमीटरला ओहम रेंजवर दिसत नाही, प्रोबचा रेझिस्टन्सच त्यापेक्षा जास्त असतो. म्हणून कन्सोल चालू ठेवून, डीसी मिलिव्होल्ट रेंजवर, एक प्रोब मागच्या तांब्याच्या ग्राउंड पट्टीवर आणि दुसरा प्रोब प्रत्येक मॉड्यूलच्या शून्य व्होल्टवर. बाकी सगळीकडे ०.१, ०.२. डाव्या मास्टरला १.४. एवढंच बघायचं होतं. कन्सोल बंद करून मॉड्यूल काढलं (चालू असताना मॉड्यूल कधीही ओढायचं नाही, ग्राउंड आधी सुटलं तर चिप्स जातात), एज कनेक्टरवरची ग्राउंडची पट्टी काळपट पडलेली, आणि तिथून तांब्याच्या पट्टीकडे जाणारी वायर जिथे स्क्रूने बसवलेली तो स्क्रू बोटांनी पाव फेरा फिरला. वॉशरखाली तपकिरी भुकटी. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कॉन्टॅक्टवर क्लीनरचा एक पातळ हात, स्क्रूखालचा तांबा घासून चमकवला, नवीन दातेरी वॉशर घालून घट्ट केला. परत मोजलं तर ०.१. हम -८६, दोन्ही बाजूंना सारखा.

केबलच्या शील्डमधला करंट ऑडिओ ग्राउंडच्या वाटेने गेला की काय होतं यावर नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमधे लिहिलं, त्याला आज सगळे पिन-वन प्रॉब्लेम म्हणतात, आणि शील्ड थेट चेसिसला जोडा हे सांगणारं एईएस४८ स्टँडर्ड २००५ मधे आलं. आपल्या कन्सोलमधे करंट बाहेरून न येता सप्लायमधून आला एवढाच फरक, गोष्ट तीच, ज्या ग्राउंडला सिग्नल संदर्भ म्हणून धरतो त्यातूनच दुसऱ्याचा करंट वाहतोय. सप्लाय एकटा बिघडला असता तर हम जेमतेम कळला असता, आणि स्क्रू तर सैल होऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, तोपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगतो. ९ नंबरच्या फेडरवर आधी कोणीतरी तेलकट स्प्रे मारून ठेवला होता, चार दिवस बरा आणि परत खरखर. मी फेडरच्या वरच्या टोकाला डीसी मोजलं तर ०.४ व्होल्ट. तिथे शून्य हवं. फेडरच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत होता, फेडर हलवला की तो डीसी कापला जातो आणि खर्र खर्र वाजतो. कपॅसिटर बदलला, खरखर गेली. जुन्या कन्सोलच्या फेडरला किंवा पॉटला (फिरवायच्या नॉबला) हात लावायच्या आधी हे एक माप घ्याच, स्प्रेने ट्रॅकवरचं मूळ ग्रीस धुऊन जातं आणि फेडर हाताला कोरडा लागायला लागतो. १७ नंबर म्हणजे इन्सर्टचा जॅक (चॅनलच्या मधे बाहेरचं उपकरण जोडायची जागा), त्यात रिकामा प्लग दहा वेळा घातला-काढला की चॅनल परत, म्हणजे नॉर्मलिंगचा कॉन्टॅक्ट (प्लग नसताना सिग्नल पुढे नेणारा) काळा पडलेला. साफ केला.

एक गोष्ट तक्रारीत नव्हती ती सापडली. त्या १० ओहमच्या रेझिस्टरचा अजून एक उपयोग असतो, त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजलं की मॉड्यूल किती करंट ओढतंय ते कळतं. सगळीकडे अर्धा व्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. ४ नंबरला १.१! रेझिस्टर भाजून तपकिरी झालेला, बोट टेकवत नव्हतं. इक्वलायझरमधे कोणीतरी "आवाज सुधारायला" टीएल०७२ काढून ५५३२ बसवले होते. ५५३२ चिप उत्तमच आहे, पण तिची बँडविड्थ जास्त, तिला जवळच ०.१ मायक्रोफॅरडचा डीकपलिंग कपॅसिटर लागतो, आणि तिचा इनपुट करंट टीएल०७२ च्या कैक पट, त्यामुळे जास्त रेझिस्टन्सच्या इक्वलायझरमधे डीसी उभा राहून पॉट खरखरायला लागतात. इथे तर ती काही मेगाहर्ट्झला ऑसिलेट होत होती (स्वतःहूनच सिग्नल काढत होती), ऐकू काही येत नव्हतं पण हाय बँड थोडा करकरीत वाटायचा, आणि ते "उघडा साउंड" म्हणून आवडलंही होतं कोणालातरी. मूळ चिप्स परत बसवल्या, ०.५ व्होल्ट.

मालकांनी विचारलं, सगळ्या २४ चॅनल्सचे कपॅसिटर एकदम बदलून टाकू का. मी नको म्हणालो. एका चॅनलमधे चाळीसच्या वर इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे हजार कपॅसिटर, दोन हजार जोड, जुन्या बोर्डावरचे नाजूक पॅड, आणि त्यात एखादा उलटा बसला तर शोधत बसा. त्यापेक्षा चार-चार चॅनल्स, प्रत्येकाचं आधी आणि नंतर माप, काही बिघडलं तर ते कालच्या चारमधेच आहे हे माहीत असतं. १३ ते १६ पासून सुरू करायचं ठरलंय कारण ते सप्लायच्या गरम हवेच्या बरोबर वर आहेत आणि तिथला नॉइज बाकीच्यांपेक्षा ३ डीबी जास्त आहे.

सप्लायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, दोन्ही रेल्सचं डीसी, दोन्हींचा एसी रिपल, आणि डाव्या-उजव्या मास्टरचं ग्राउंडचं माप, तारखेसह. महिन्यातून एकदा कन्सोल तासभर तापल्यावर रेकॉर्डिस्टने ते भरायचं. परवा त्याने फोटो पाठवला, सहा आठवडे झालेत, रिपल ०.८ मिलिव्होल्ट, दोन्ही ग्राउंड ०.१, आणि खाली त्याने स्वतःहून लिहिलंय की २१ नंबरचा म्यूट स्विच दाबताना टक आवाज येतोय, डीसी मोजला, ६० मिलिव्होल्ट आहे.